आठ सेंटिमीटर कुठे गेले

मंगळवेढा
६ ऑक्टोबर २०२५

श्रीदेवी,

सुखरूप पोचले. तसा तुझ्या नंदीशला फोन केला होता. त्याने काहीतरी विचारलं, मी "व्हय व्हय" म्हणून ठेवून दिला. गिरणीच्या घरघरीने माझे कान कधीच नेले, फोनवर माणसाचा आवाज मला येतच नाही. आला असता तरी हे मी तुमच्या फोनवर बोलले नसते. तो सूनबाईंच्या हातात असतो आणि त्यातला आवाज अख्ख्या घराला ऐकू जातो. म्हणून पत्र लिहिते आहे. वाचून झालं की फाडून टाक.

दसऱ्याला चार दिवस तुझ्याकडे राहिले, पण आपण दोघी बहिणी पाच मिनिटं एकट्या बसलो नाही. मी तुझ्या खोलीत आले की महेश्वरी काहीतरी घ्यायला आत यायचीच. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मग जेवायला बसलो. तुझ्या ताटात एक भाकरी. दुसरीसाठी तुझा हात टोपलीकडे गेला, महेश्वरीने तुझ्याकडे नुसतं बघितलं आणि तुझा हात मागे आला. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, कानांनी ऐकलेलं नाही.

आणि न्हाणीघराच्या दाराशी तो काचेचा वजनकाटा. सासूने सुनेला तोलून मापून घ्यायचं हे आपण बघत आलो. सुनेने सासूला काट्यावर चढवायचं हे नवीनच. मी तीस वर्षं गिरणीवर वजन केलं, श्रीदेवी. ज्याचं वजन करतात ते दळायलाच टाकतात.

तुझ्या अंगावर मी दिलेली इरकल साडी होती. माझी आणि तुझी एकाच गठ्ठ्यातली, माझी मला बरोबर होते. तुझ्या निऱ्या जमीन झाडत होत्या. कमरेला अंगच उरलं नाही, मग साडी खाली उतरणार नाही तर काय? ब्लाउजही सैल झालाय. भावजी गेल्यापासून तू त्या घरात दबून आहेस हे मला माहीत आहे. इतकं दबून आहेस हे माहीत नव्हतं.

खरं काय ते लिही. ती तुला पोटभर जेवायला देते का?

तुझी,
दाक्षायणी अक्का


सोलापूर
१२ ऑक्टोबर २०२५

अक्का,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग देवापुढे ठेवलं. फाडलं नाही, तुझं अक्षर फाडवत नाही.

मला कुणी उपाशी ठेवत नाही. श्रावणात आमच्या गल्लीतल्या मठात तपासणीचं शिबिर झालं. तिथल्या नर्सबाईंनी सगळ्यांचा बीएमआय काढला. किलोतलं वजन घ्यायचं, त्याला मीटरमधल्या उंचीने भागायचं, जे येईल त्याला परत एकदा उंचीने भागायचं. उंच माणूस जड असायचाच, म्हणून उंचीचा हिशेब धरतात असं त्या म्हणाल्या. आपल्याकडच्या माणसांचा आकडा साडेअठरा ते तेवीसच्या मध्ये असावा. माझा तेवीस पॉइंट चार निघाला. वजन चोपन्न होतं. "आजी, जरा जास्त हाय की, साखरबिखर मागं लागायच्या आधी कमी करा," म्हणाल्या.

झालं, महेश्वरीने ते मनावर घेतलं. तिची आई साखरेच्या आजाराने गेली, तुला ठाऊकच आहे. तेव्हापासून कुठल्याही आकड्याला ती घाबरते. माझी एक भाकरी कमी झाली, शेंगाचटणीवरचं तेल गेलं, चहातली साखर गेली. तिने स्वतःचीही साखर बंद केली आहे. आता मी एकावन्न किलोवर आले आणि आकडा बाविसावर. ती खूश आहे, मग मी पण खूश.

उगीच शंका घेऊ नकोस. तुला लहानपणापासून सवय आहे, दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघायचीस.

येळवशीच्या शेतपूजेला यंदा माझं येणं होईलसं वाटत नाही. त्या दिवसांत महेश्वरीला सवड नसते.

तुझी,
श्रीदेवी


मंगळवेढा
१७ ऑक्टोबर २०२५

श्रीदेवी,

दूधवाल्याच्या मापात मी बोट घालत होते आणि त्याच्या मापाला पोचा निघाला होता, हे लिहायला तू विसरलीस.

तू रीत सांगितलीस ते बरं केलंस. मी गिरणी बंद करून पाटीवर हिशेब मांडला. वजनाचा आकडा मी मान्य करते, काटा सहसा खोटं बोलत नाही. आता उंची. तुझ्या लग्नाच्या साली अप्पांनी आपल्या दोघींना गिरणीच्या चौकटीला उभं करून खिळ्याने रेघ ओढली होती. एकच रेघ दोघींना पुरली होती, आठवतं? ती अजून आहे. आज मी तिची उंची मोजली. पाच फूट तीन इंच, म्हणजे एकशे साठ सेंटिमीटर. चोपन्नला एक पॉइंट सहाने दोनदा भाग. एकवीस येतात, तेवीस नाही. एकवीस म्हणजे देवाने घडवावं तसं वजन. आणि आताच्या एकावन्नला भागलं तर वीसच्याही आत येतं.

मग तेवीस पॉइंट चार आले कुठून? मी उलटा हिशेब केला. तेवढे यायला तुझी उंची एकशे बावन्न लागते. आठ सेंटिमीटर कुठे गेले, श्रीदेवी? माणसाची उंची काय ज्वारी आहे, वाटेत सांडायला?

उंची कुणी मोजली, नर्सबाईंनी की महेश्वरीने? ती गणवेशाच्या कारखान्यात पोरांची मापं घेते ना, तिच्या गळ्यात टेप असतेच. टेपचं टोक कापून आखूड केलेलं असेल. धंद्यात करतात, मला सांगू नको. चांगल्या बाईला जाड ठरवायचं आणि तिची भाकरी काढायची. आज भाकरी, उद्या स्वयंपाकघर, परवा देवघर. इथे काहीतरी पाणी मुरतंय.

आणि येळवस? आपल्या घरात मुलगा नव्हता म्हणून आंबिलीचा माठ लेकींनी डोक्यावरून शेतात न्यायचा, ही अप्पांनी घालून दिलेली चाल. इतक्या वर्षांत तू एकदाही चुकली नाहीस. यंदा सुनेला सवड नाही म्हणून तू चुकणार? ती तुला सोडत नाही असं सरळ लिही की.

मी ईश्वरप्पांना लिहायचं म्हणते. तिचे वडील आहेत, लेकीचे प्रताप त्यांना कळू देत.

अक्का


सोलापूर
२१ ऑक्टोबर २०२५

अक्का,

ईश्वरप्पांना काही लिहू नकोस, तुझ्या पाया पडते. मानी माणूस आहे. बायको गेल्यावर एकट्याने लेक वाढवली. त्यांना असलं काही कळलं तर ते अक्कलकोटहून येतील आणि लेकीला घेऊन जातील. माझं घर मोडेल. नंदीश तिच्याशिवाय दोन दिवस राहू शकत नाही, आणि खरं सांगू, मीही नाही.

उंची आधी नर्सबाईंनी मोजली, मग घरी महेश्वरीने. दोन्ही वेळा तीच आली. आणि टेप आखूड असती तर मी उंच भरले असते, अक्का, ठेंगणी नाही. एवढा हिशेब केलास आणि हे कसं सुटलं? आखूड मापाने मोजलं की दाणे जास्त भरतात, हे मला तूच शिकवलंस.

अप्पांची रेघ राहू दे. किती वर्षं झाली तिला. चौकट वाळून इकडची तिकडे झाली असेल.

जास्त लिहीत नाही. उभ्या उभ्याच लिहिते आहे.

श्रीदेवी


मंगळवेढा
२७ ऑक्टोबर २०२५

श्रीदेवी,

टेपचं तुझं बरोबर आहे, मी चुकले. मग टेप ताणलेली असणार. रोज ओढून ओढून कापडी टेप लांबते आणि लांबलेल्या टेपने माणूस आखूड भरतो. हे मला रात्रभर सुचत नव्हतं, पहाटे सुचलं. नर्सबाईंचं माप तू उगीच मध्ये घातलंस, कुणाला तरी वाचवायला.

आणि तुझं शेवटचं वाक्य मी परत परत वाचलं. उभ्या उभ्याच लिहिते आहेस. सणाच्या दिवशी, स्वतःच्या घरात, बहिणीला चार ओळी लिहायच्या तर बसायची सोय नाही? कुणी बघेल म्हणून ओट्याशी उभी राहून लिहायची वेळ तुझ्यावर आली? एवढं वाचल्यावर मी गप्प बसणारी नाही.

ईश्वरप्पांना पत्र गेलं. पाडव्याला टाकलं, म्हणजे तुझं पत्र माझ्या हातात पडायच्या आधीच. आधी पडलं असतं तरी टाकलं असतं. "तुमची लेक माझ्या बहिणीला खोट्या मापावर अर्धपोटी ठेवते, येऊन स्वतः बघा," एवढंच लिहिलं आहे.

पुढच्या आठवड्यात मी गाडी करून येते. तुझे कपडे बांधून ठेव. इथे गिरणी आपली, शेत आपलं, ज्वारी आपली. कोण किती भाकरी खातं हे कुणी मोजत नाही.

अक्का


सोलापूर
४ नोव्हेंबर २०२५

दाक्षायणी मावशी,

मी महेश्वरी. तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अत्तींनी, तुमची सगळी पत्रं माझ्यापुढे ठेवली, म्हणून तुम्ही माझ्याबद्दल काय काय लिहिलं ते मला ठाऊक आहे. मला राग आला आहे. तो लपवून लिहिता येणार नाही, म्हणून आधीच सांगते.

रविवारी माझे अप्पा आले. चप्पल काढून उंबऱ्याशी उभे राहिले, आत येईनात. पाणी दिलं तर घेईनात. शेजारपाजारचे बघत होते. म्हणाले, "पोरी, ह्यास्नी जेवाय घालतीस का न्हाय, एवढंच सांग. मग मी पाणी पितो न्हायतर तुला घिऊन जातो." मावशी, आई गेल्यानंतर माझ्या वडिलांच्या डोळ्यांत मी तसं कधी बघितलं नव्हतं.

मी रडले नाही. नंदीशला पाठवून दुकानातून नवी लोखंडी टेप आणवली, कारण माझ्या कापडी टेपवर तुमचा विश्वास नाही. अप्पांना म्हटलं, तुम्ही स्वतः मापा. अत्तींना भिंतीशी उभं राहायला सांगितलं तर त्या तयार होईनात. "राहू द्या की, कशाला," असं तीन वेळा म्हणाल्या. मलाही शंका आली. खोटं माझं पकडायचं होतं आणि घाबरत होत्या त्या.

शेवटी उभ्या राहिल्या. टाचा भिंतीला लागल्या, कंबर लागली, डोकं लागेना. डोकं आणि भिंतीच्या मध्ये माझा हात जात होता. अप्पा म्हणाले, "विहीणबाई, सरळ ऱ्हावा की." अत्ती म्हणाल्या, "एवढीच होते सरळ." एकशे बावन्नच भरल्या, मावशी. आकडा खरा होता.

मी दिवसाकाठी कितीतरी पोरांची मापं घेते. खांद्यात वाकलेलं पोर मला लांबून कळतं. आणि माझ्या घरातल्या बाईची पाठ वाकली ती मला दिसली नाही. मी नुसता टेपवरचा आकडा बघत होते.

सोमवारी हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. फोटो काढला. पाठीचे तीन मणके दबले आहेत. हाडं ठिसूळ झाली आहेत, ते काही वर्षं चाललं असणार, त्यात वर्षभरापूर्वी जोराचा मार बसला असणार, असं ते म्हणाले. उठायला, बसायला दुखत असणार. म्हणून तुम्हाला पत्र त्यांनी उभ्याने लिहिलं. मला चोरून नव्हे.

डॉक्टरांनी विचारलं, "यांचं खाणं कुणी कमी केलं?" मी म्हटलं, मी. आणि बीएमआयचं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, तो आकडा खोटा नाही, पण तो फक्त दारापर्यंत नेतो, आत काय आहे ते सांगत नाही. अंगात चरबी किती, मांस किती, हाड किती, त्याला कळत नाही. उंचीच खचली की भागाकार वाढतो आणि माणूस न वाढता जाड ठरतो. या वयात तीन किलो उतरवले, त्यात मांस गेलं असेल. आता दूध, डाळी, मटकी, पोटभर भाकरी आणि औषध.

म्हणजे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. त्यांना कमी खायला देणं चूक होतं आणि ते मी केलं. पण मी उपाशी ठेवलं नाही. माझी आई भाताच्या ताटापुढे बसल्या बसल्या गेली, ते परत बघायचं नव्हतं म्हणून केलं.

मार कुठे बसला ते त्या मला सांगत नाहीत. अप्पा पाणी प्यायले. पण जाताना त्यांनी मला हात जोडले. बापाने लेकीला हात जोडले ते मला सहन होत नाही. त्यांना तुम्ही पत्र लिहावं, एवढंच मागणं आहे.

महेश्वरी


मंगळवेढा
८ नोव्हेंबर २०२५

श्रीदेवी,

महेश्वरीचं पत्र आलं. मी गाडी सांगितली होती ती नको म्हणून कळवलं.

तिला काय लिहावं ते मला सुचत नाही, म्हणून आधी तुला विचारते. तू कुठे पडलीस? त्या गुळगुळीत फरशीच्या न्हाणीघरात ना? मी तेव्हाच म्हटलं होतं नंदीशला, शहाबादी टाक. की जिन्यावर? महेश्वरीचं मी मानलं, तिने मुद्दाम काही केलं नाही. पण त्या घरात तू पडतेस, वर्षभर पाठ धरून वावरतेस आणि कुणाला पत्ता नाही? आणि तू तरी का गप्प बसलीस? कुणाला वाचवते आहेस? तू नेहमी कुणाला तरी वाचवत असतेस.

मला जागा सांग. ते कळल्याशिवाय मी ईश्वरप्पांना लिहिणार नाही. एकदा अर्धवट माहितीवर लिहिलं, तेवढं बास.

अक्का


सोलापूर
१४ नोव्हेंबर २०२५

अक्का,

जागा विचारू नकोस असं लिहायला बसले होते. होय, बसले आहे. महेश्वरीने पाठीला उशी लावून दिली आणि शेजारी दुधाचा पेला ठेवून गेली. तो संपेपर्यंत तिचे डोळे माझ्यावर असणार आहेत. आता तुझ्यासारखीच संशयाने बघते.

मी या घरात पडले नाही. आपल्या शेतात पडले.

गेल्या येळवशीला. तुझा गुडघा धरला होता म्हणून माठ माझ्या डोक्यावर दिलास. आंबील काठोकाठ भरली होती. आपल्या घरची चाल, माठ पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांपुढे टेकेपर्यंत वाटेत ठेवायचा नाही, मागे बघायचं नाही, बोलायचं नाही. तू मागून येत होतीस आणि सारखी बजावत होतीस, "मागं बघू नगं, बोलू नगं." विहिरीच्या वरच्या बांधावर माझा पाय निसटला आणि मी दाणकन खाली बसले. माठ दोन्ही हातांनी धरला होता, थेंब सांडला नाही. पाठीत काहीतरी मोडल्यासारखं झालं. ओरडले असते, पण बोलायचं नव्हतं.

उठले आणि चालत गेले. कडब्याच्या कोपीत माठ ठेवला. तू सगळ्यांना सांगत होतीस, "बघा, अप्पांची लेक हाय, थेंब न्हाय सांडला." तुझा चेहरा इतका उजळला होता अक्का, तेव्हा कसं सांगणार? मग "ओलगे, ओलगे" असा गजर करत सगळे पिकावर आंबील शिंपडायला निघाले आणि मी कोपीतच बसून राहिले. नंतर सांगायची वेळ कधी आलीच नाही. सांगितलं असतं तर तू स्वतःला कधी माफ केलं नसतंस आणि येळवसच बंद केली असतीस.

मी साडी वर खोचायला शिकले, तरी दसऱ्याला निऱ्या तुला दिसल्याच. शिबिरात नर्सबाईंनी उंची सांगितली तेव्हा मला कळलं काय झालंय ते. पण जाड म्हणून भाकरी कमी झालेली परवडली, कारण पाठीचं निघालं असतं तर कुठे पडलात, असं कुणीतरी विचारलंच असतं. महेश्वरीला मी फसवलं आणि तू तिला चोर ठरवलंस. तिच्याइतकी निर्दोष या सगळ्यात कुणी नाही.

श्रीदेवी


मंगळवेढा
२० नोव्हेंबर २०२५

महेश्वरी,

हे पत्र तुला आहे, पण श्रीदेवीला वाचून दाखव. मोठ्याने वाच, फोनचा आवाज जसा घरभर जातो तसं. शेजाऱ्यांनी ऐकलं तरी चालेल, कारण त्या दिवशी त्यांनी बघितलं होतं.

तुझ्या वडिलांना काल पत्र टाकलं. मी खोटी ठरले, तुमची लेक खरी आहे, तिला जोडलेले हात मागे घ्या आणि जोडायचेच असतील तर माझ्याकडे या, मी उलट जोडते, असं लिहिलं. येळवशीला त्यांना जेवायला बोलावलं आहे. मानी माणूस आहे, येतील की नाही ठाऊक नाही. तू आणलंस तर येतील.

श्रीदेवीचं पत्र आलं त्या दिवशी मी गिरणी चालू केली नाही. बायका डबे घेऊन आल्या आणि परत गेल्या. मी अप्पांच्या रेघेखाली उभी राहिले. टाचा चौकटीला लावल्या, डोक्यावर ज्वारीचं मापटं पालथं घातलं आणि डबा घेऊन आलेल्या राजाबाईला म्हटलं, मापट्याखाली खडूने खूण कर. बाजूला होऊन बघितलं. खूण रेघेच्या तीन बोटं खाली होती. मी राजाबाईला म्हटलं, तुझा हात हलला. तिने परत केली, परत तिथेच. मग मी चौकटीला टकटक करून बघितलं, ती खचली आहे का. चौकट होती तशी आहे.

माझी साडी मला बरोबर होते असं मी लिहिलं होतं. होते, कारण मी ती वर खोचते. कधीपासून खोचते ते मला आठवत नाही. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणतात. मी इतके दिवस समजत होते की मी सुपात आहे.

श्रीदेवी, आता तुला. माझ्या मनात एक गोष्ट तुझं पत्र आल्यापासून सलते आहे, ती सांगते. त्या दिवशी मी तुझ्या मागेच होते. विहिरीच्या बांधावर तू खाली बसलेली मला दिसली होती. मला वाटलं, माझी बहीण माठासकट वाकून काळ्या आईला नमस्कार करते आहे. माझे डोळे भरून आले होते. अख्ख्या शिवारात मी ते कौतुकाने सांगितलं. सोलापुरात तुझी भाकरी मला चार हातांवरून दिसली, आणि तू माझ्यापुढे मोडलीस ती दिसली नाही. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या मापात बोट घालत आले. माझ्या डोळ्यांवर मात्र कधी शंका घेतली नाही. मला तुझी फार आठवण येते.

येळवस बंद करणार नाही, ती भीती सोड. यंदा माठ बैलगाडीतून जाईल, मांडीवर धरून. वाटेत बोललं तरी चालेल, दुखलं तर ओरडायचं. अप्पांची चाल मोडली म्हणून कुणी नाव ठेवलं तर मी आहे.

महेश्वरी, येताना तुझी नवी लोखंडी टेप आण आणि काटाही आण. माझी उंची तू मापायची, वजन तू करायचं, आणि जो आकडा येईल तो घेऊन त्या हाडांच्या डॉक्टरांकडे मला तूच न्यायचं. तुझ्या मापावर मी शंका घेणार नाही. काटा मात्र आधी गिरणीतलं पाच किलोचं माप ठेवून तपासून घेईन, एवढं चालवून घे.

तुझी,
दाक्षायणी मावशी